एकाच पहाटेचे चार वार

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

इतिहासाच्या साधनांवरील या मालिकेत आजवर मोडी, शकावल्या, गॅझेटियर असे विषय आले. आजचा विषय काहींना इतिहासाच्या अंगणाबाहेरचा वाटेल. संशोधकांनी तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वी आकडेमोडीसाठी संगणकावर जो कोड लिहिला, तो आजच्या भाषेत आणताना त्याची जी हेळसांड होते, तिच्याविषयी हे लिहीत आहे. सूर समजुतीचा नाही, भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण एका वाक्याशी आहे: "जुना कोड ना? पायथनमध्ये करून टाकू."

या 'करून टाकू'मध्ये सगळे आले. मोडी कागद हाती घेऊन कोणी म्हणाला, "बाळबोधात उतरवून टाकू आणि मूळ रद्दीत देऊ," तर इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासमंडळात त्याला दुसऱ्या दिवशी पाय ठेवता येणार नाही. तोच माणूस फोर्ट्रानमधील कार्यक्रमाविषयी हेच म्हणतो, तेव्हा मात्र त्याला तंत्रस्नेही म्हणून शाबासकी मिळते. माझे म्हणणे इतकेच की ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. कोडचे रूपांतर हे संपादन आहे. संपादनाची शिस्त ज्याला पाळायची नसेल, त्याने त्याला हात लावू नये.

आरंभ आमच्या नाशिकपासून करतो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ६१७४ या संख्येमुळे जगाला ठाऊक आहेत. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी. हेच करीत राहिल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. आता २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. पुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४.

जुना कार्यक्रम चार अंकांसाठी चार घरे राखून ठेवणारा असेल आणि रूपांतर करणाऱ्याने त्या संख्येला साधा पूर्णांक मानले, तर ०९९९ चे ९९९ होते. ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. कापरेकरांचे विधान एका क्षणात खोटे ठरते, आणि संगणक चुकीचा एकही संदेश देत नाही! आरंभीच्या शून्याला किंमत नसते हे शाळेतले वाक्य येथे नडते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि नंदुरबारचा ०१ होता. शून्य गळाले की जोडसंकेतांक २७०१ ऐवजी २७१ होतो, आणि दोन तक्ते जुळवताना अख्खा जिल्हा निमूट बाहेर पडतो.

ही झाली तोंडओळख. आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे तारखांकडे वळू.

१९६८ साली हेन्री फ्लिगेल आणि थॉमस व्हॅन फ्लँडर्न यांनी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापले. ग्रेगोरियन दिनांक दिला की त्याचा अखंड दिनक्रमांक काढून देणारे ते फोर्ट्रानमधील सूत्र होते. त्या क्रमांकाला सातने भागले की वार मिळतो. दोन घटनांमधले दिवस मोजायचे, मासिक पावसाची किंवा धान्याच्या भावांची मालिका दिवसांवर बसवायची, दोन पंचांगांतील तारखा ताडून पाहायच्या, तर असे सूत्र हाताशी लागतेच. त्याच्या नकला पुढे असंख्य भाषांत झाल्या.

त्या सूत्रात एके ठिकाणी महिन्याच्या क्रमांकातून १४ वजा करून १२ ने भागायचे असते. जून असेल तर ६ वजा १४, म्हणजे उणे ८, भागिले १२. फोर्ट्रानमध्ये पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक छाटून शून्याच्या दिशेने येतो, म्हणून उत्तर शून्य. पायथनमध्ये पूर्णांक भागाकाराचे जे चिन्ह आहे ते खालच्या पूर्णांकाकडे सरकते, म्हणून उत्तर उणे एक. धन संख्यांसाठी दोन्ही भाषा एकच उत्तर देतात. ऋण संख्या आली की वाटा फुटतात. फ्लिगेल आणि व्हॅन फ्लँडर्न यांनी फोर्ट्रानच्या या छाटण्यावर विसंबूनच सूत्र बसवले होते. ती त्यांची खुबी होती, आणि ती सूत्रात कोठेही शब्दांत लिहिलेली नाही.

आता शिवराज्याभिषेक घ्या. आपण म्हणतो तो ६ जून १६७४ हा त्या काळी इंग्रज वापरीत असलेल्या ज्युलियन पंचांगाचा दिनांक आहे. समारंभाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेनही त्याच पंचांगाने चालणारा. ग्रेगोरियन पंचांगाने तो १६ जून १६७४. मूळ सूत्रात हा दिनांक घातला की क्रमांक येतो २३३२६४३, आणि वार शनिवार. तेच सूत्र भागाकाराचे चिन्ह बदलून, बाकी अक्षर न् अक्षर तसेच ठेवून पायथनमध्ये उतरवले, की येतो २३३२६४५. वार सोमवार. दोन दिवसांचा फरक पडला, तरी पडद्यावर सारे कसे नीटनेटके!

आणि गंमत पाहा. रूपांतर करणारा फारच काळजीवाहू निघाला आणि त्याने पडताळ्यासाठी सिंहगडाची तारीख घेतली. ४ फेब्रुवारी १६७०, म्हणजे ग्रेगोरियन १४ फेब्रुवारी. फेब्रुवारीसाठी २ वजा १४ म्हणजे उणे १२, भागिले १२, बरोबर उणे एक. येथे छाटायला अपूर्णांकच उरत नाही. दोन्ही भाषांत उत्तर एकच येते: शुक्रवार. पडताळा यशस्वी! फेब्रुवारी वगळता उरलेल्या अकराही महिन्यांत हा कोड चुकत राहील, बहुधा दोन दिवसांनी, कधी एका, आणि पडताळा झाल्याचे प्रशस्तिपत्र त्याच्या गळ्यात असेल.

दुसरा एक सापळा याहून सोपा आहे. पायथनचे तारखांसाठीचे नेहमीचे ग्रंथालय प्रत्येक दिनांक ग्रेगोरियनच समजते. त्याला सरळ ६ जून १६७४ दिलात तर ते बिनदिक्कत बुधवार सांगते. जेधे शकावली मात्र राज्याभिषेकाला शुक्रवार देते, आणि तिचेही बरोबर आहे. राजे सिंहासनावर बसले ते रात्र थोडी उरलेली असताना, आणि आपल्या गणनेत वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. म्हणजे एकाच पहाटेचे चार वार झाले. शुक्रवार आणि शनिवार हे दोन्ही खरे, दोन वेगळ्या गणनांचे. बुधवार आणि सोमवार हे केवळ कोडचे. पहिल्या दोघांतला फरक समजावून सांगायला इतिहासकार लागतो. पुढचे दोन कोठून आले हे समजायला जुना कोड जवळ असावा लागतो. तो टाकून दिला असेल तर सोमवार हाही एक 'पाठभेद' म्हणून कोणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसेल.

आपल्या परंपरेला हे नवे नाही, म्हणून तर राग येतो. मोडक जंत्री किंवा खरे जंत्री काय आहे? तोही एक कार्यक्रमच, फक्त कागदावर चालणारा. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांनी १८९६ मध्ये 'द इंडियन कॅलेंडर' सिद्ध केले तेव्हा भारतीय कालगणना इंग्रजी तक्त्यांत आणण्याचे हेच रूपांतर त्यांनी केले, आणि कोणत्या सिद्धान्ताने कोणते मान धरले हे पानोपानी सांगितले. वि. का. राजवाडे १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापू लागले. अस्सल कागद आणि नक्कल यांतला भेद आपण त्यांच्यापासून शिकलो. सुहूर सनाचे साल काढताना ५९९ मिळवायचे की ६००, हे मृग केव्हा लागला यावर ठरते. आज मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. शिवकाळात, तेव्हाच्या ज्युलियन दिनांकाने, तो मेच्या अखेरच्या आठवड्यात लागे. एखाद्या जुन्या कोडमध्ये '७ जून' हा आकडा नुसता लिहिलेला सापडला, तर तो कोणत्या काळच्या कागदांसाठी होता, हे विचारायला नको का? तो आकडा म्हणजे कोणा संशोधकाने घेतलेला निर्णय आहे. जुनी मंडळी कोडमध्ये टिपा फारशा लिहीत नसत, ही त्यांची चूक मान्य. त्यामुळे आपले काम वाढते, सुटत नाही.

आता संख्याशास्त्राकडे. येथे धोका जास्त, कारण वार चुकला तर कोणीतरी ओरडतो, सरासरी चुकली तर कोणी पाहत नाही.

छिद्रित पत्त्यांच्या काळात आकडे ठरलेल्या रकान्यांत भरले जात. त्या काळच्या फोर्ट्रानमध्ये अंकांच्या रकान्यातील कोरी जागा शून्य म्हणून वाचली जाई. म्हणजे एखाद्या तालुक्याहून जुलैचा अहवालच आला नाही, तर पत्ता कोरा राहिला आणि यंत्राने वाचले: पाऊस शून्य. आज तीच फाइल पायथनच्या नव्या साधनांनी वाचली तर ती कोरी जागा 'नोंद नाही' म्हणून बाजूला पडते. सरासरी वाढते. नवी सरासरी अधिक बरोबर आहे यात वाद नाही. पण जुन्या अहवालात छापला गेला तो आकडा आधीचा, आणि निर्णय झाले असतील तर त्याच आकड्यावर. नवा कोड ठेवून जुना फेकला, की छापील आकडा कोठून आला हे सांगण्याचे साधनच नष्ट होते. पुढचा संशोधक मग म्हणणार, "जुन्यांनी आकडे फुगवले," किंवा "दडवले". यंत्राच्या वाचण्याच्या रीतीचे खापर माणसाच्या हेतूवर फुटणार.

कोऱ्या जागेची कथा येथेच संपत नाही. सॅस या सांख्यिकी भाषेत 'नोंद नाही' ही खूण प्रत्येक संख्येहून लहान मानली जाते. स्टाटा या दुसऱ्या भाषेत ती प्रत्येक संख्येहून मोठी मानतात. "थकबाकी शंभर रुपयांहून अधिक असलेली गावे निवडा" ही एकच ओळ दोन्हींत चालवली, तर सॅस नोंद नसलेली गावे वगळते आणि स्टाटा ती सगळी थकबाकीदारांत घालते. दप्तर हरवलेले गाव कर्जबाजारी ठरते! रुपये-आणे-पै यांचे तर विचारू नका. ५-८-६ म्हणजे पाच रुपये, आठ आणे, सहा पै, अर्थात सुमारे ५.५३ रुपये. १९५७ नंतरच्या दशमान पद्धतीतच वाढलेल्या पिढीतील कोणीतरी ते ५.८६ असे वाचणारच.

आमच्या जिल्ह्याच्या पावसाचे एक काल्पनिक उदाहरण घ्या. १५ तालुके आणि १२ महिने असा तक्ता आहे. फोर्ट्रान तक्ता स्तंभांच्या क्रमाने साठवते, पायथनचे नमपाय साधारणतः ओळींच्या क्रमाने. १८० आकड्यांची सलग रांग चुकीच्या क्रमाने मांडली तरी ती १८० घरांत नेमकी बसते. बेरीज तीच, जिल्ह्याची सरासरी तीच. फक्त इगतपुरीचा जुलै येवल्याच्या वाट्याला जातो. ज्याने इगतपुरी पाहिली आहे, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि येवलेही पाहिले आहे, जेथे तो पाचशेच्या आसपास असतो, त्याला तक्ता पाहताच शंका येईल. ज्याने केवळ कोड पाहिला आहे, त्याला येणार नाही. (आणखी एक: १९९१ मध्ये या जिल्ह्यात तालुके १३ होते. देवळा आणि त्र्यंबकेश्वर नंतरचे. जुन्या कोडमध्ये १३ दिसले म्हणून 'दुरुस्त' करणारेही भेटतात.)

गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी कमरेला लागले, खांद्याला लागले, असे. ही आमची लोकसांख्यिकी. २००८ च्या पुरानंतर येथे पूररेषेची चर्चा घरोघरी झाली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. असे पूर मोजण्याच्या गुंबेल यांच्या प्रसिद्ध पद्धतीत दरवर्षीच्या सर्वोच्च प्रवाहांची सरासरी घेतात आणि तिच्यात प्रमाण विचलनाचा काही पट मिळवतात. शंभर वर्षांच्या पुरासाठी तो पट तीनहून अधिक असतो. आता आर या भाषेतील प्रमाण विचलनाचे फलन वर्षांच्या संख्येतून एक वजा करून भागते. नमपायचे फलन, वेगळे सांगितले नाही तर, पूर्ण संख्येनेच भागते. वीस वर्षांच्या मालिकेत या दोन विचलनांत अडीच टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो तिपटीहून अधिक होऊन पुराच्या आकड्यात शिरतो. कोणत्याही विशिष्ट रेषेविषयी मी येथे काही म्हणत नाही. परंतु ज्याचे घर रेषेच्या काठावर आहे त्याला विचारा, की त्याच्या घराचा हिशेब कोणत्या भाषेत झाला हे त्याला कळायला हवे की नको.

"संगणक बदलला म्हणून गणित बदलते का?" असे एका ज्येष्ठांनी मला विचारले होते. बदलते. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राचा शब्द ४८ बिटांचा होता, आयबीएम ३६० चा ३२ बिटांचा. तोच फोर्ट्रान कार्यक्रम एकावरून दुसऱ्यावर नेला की आकड्यांची अचूकता घटते, आणि जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी असेल तर उत्तर पार बिघडू शकते. १९६७ मध्ये जेम्स लाँगली यांनी अमेरिकेच्या १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे आर्थिक आकडे निरनिराळ्या संगणकांवरील कार्यक्रमांना दिले आणि आपण हाताने काढलेल्या उत्तरांशी ताडून पाहिले. उत्तरे जुळेनात. तो सोळा ओळींचा तक्ता आज आर भाषेसोबत येतो, लाँगली याच नावाने. संख्याशास्त्रज्ञांनी आपली फजिती अशी जपून ठेवली आहे. आपण इतिहासवाले, जपणे हाच ज्यांचा धंदा, आपण काय करतो?

मी काही महिने ज्या संशोधन प्रकल्पात आकडे तपासत होतो, तेथे जुन्या कार्यक्रमाची छापील प्रत, कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेल्या टिपांसह, नवा कोड 'चालून दाखवला' त्याच आठवड्यात रद्दीत गेली. नव्या आणि जुन्या उत्तरांत चार जागी फरक होता. का, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी ऐकले आहे, आणि त्यात तथ्य आहे. फोर्ट्रान येणारे विद्यार्थी विभागात नाहीत. फ्लॉपी वाचणारी यंत्रे नाहीत. रूपांतर केले नाही तर तो कोड तसाही मेलेलाच. हे सर्व खरे. रूपांतर करू नका असे मी म्हणतच नाही. मोडी वाचणारे कमी झाले म्हणूनच बाळबोध प्रती काढाव्या लागल्या. पण 'कोणाला येत नाही' हे कारण जतनाच्या बाजूचे आहे, फेकण्याच्या बाजूचे ते होऊच शकत नाही. शिवाय चालवता येत नाही ही सबबही अर्धीच. जीफोर्ट्रान हा मुक्त कंपायलर जुने फोर्ट्रान आजही बऱ्याच अंशी चालवतो, आणि ज्या आर भाषेचा आपण आधुनिक म्हणून गौरव करतो तिच्या पोटात फोर्ट्रानच्या ओळी अजून धडधडत आहेत.

दुसरा आक्षेप नव्या साधनांचा. कृत्रिम बुद्धिमत्तेला कोड द्यावा, ती क्षणात भाषांतर करते. करू द्या. नक्कलनवीस वेगवान मिळाला म्हणून नक्कल अस्सल होत नाही, आणि ताडून पाहण्याची जबाबदारी नक्कलनविसावर कधीच नव्हती. तिसरा आक्षेप मला सर्वांत चीड आणणारा: "जुनी उत्तरे चुकीचीच होती, मग ती कशाला पुन्हा काढायची?" अहो, चुकीच्या तारखा असलेली बखर आपण जाळतो का?

म्हणून मागणी. प्रबंधाची पीडीएफ शोधगंगेवर चढते, तेव्हा त्यातील तक्ते ज्या कोडमधून निघाले तो कोड आणि त्याची भाषा व आवृत्ती तिच्यासोबत चढावी. आवृत्तीसुद्धा, कारण आर भाषेने २०१९ मध्ये ३.६.० या आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत बदलली, आणि त्याच बीजाने त्याच भाषेत वेगळा नमुना येऊ लागला. रूपांतर झाल्यावर मूळ कोड, मूळ आकडे आणि दोन्हींची उत्तरे शेजारी शेजारी ठेवावीत. फरक पडला तर तो तळटीपेत द्यावा, जसा पाठभेद देतात. आणि इतिहासाच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात मोडीच्या तासाशेजारी जुन्या कोडच्या वाचनाचा एक तास असावा. हे शेवटचे बोलल्यावर लोक हसतात. हसोत.

तोवर, ज्यांच्याकडे तारखा फिरवणारा कोड आहे त्यांनी आज रात्री एवढे करून पाहावे. आधी १४ फेब्रुवारी १६७० हा ग्रेगोरियन दिनांक घालावा, शुक्रवार यायला हवा. मग १६ जून १६७४ घालावा, शनिवार यायला हवा. पहिला बरोबर आला आणि दुसऱ्याला सोमवार आला, तर महिन्यातून चौदा वजा करणारी ओळ शोधा. ती पुसू नका. तिच्याखाली नवी ओळ लिहा, कडेला आजचा दिनांक आणि बदलाचे कारण लिहा. काय आले ते येथे खाली कळवा. भाषेचे नाव आणि आवृत्ती लिहायला विसरू नका.